श्वासानंद महाराजांचं अठ्ठ्याण्णव

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही. आजवर ज्यांना सांगितली, त्यांतला एक जण अर्धा चहा टाकून उठून गेला, दुसऱ्याने देवाची शपथ घ्यायला लावली, आणि तिसऱ्याने घरी जाऊन बायकोला सांगितलं की म्हाताऱ्याच्या डोक्यात ताप गेलाय. तरी सांगायची आहे. मनस्वी, तू जरा पुढे सरक. चौथीतल्या पोरांना मागे बसवलं की ती मागच्या मागे पसार होतात.

तर, करोनाची दुसरी लाट भरात होती तेव्हाची ही गोष्ट. रत्नागिरीच्या बंदरावर दोन रांगा लागायच्या. एक लसीची. ती सकाळी लागायची आणि लस संपली की मोडायची. दुसरी श्वासानंद महाराजांची. ती काही मोडत नसे. बर्फाच्या कारखान्यापासून निघायची, जाळी विणायच्या शेडला वळसा घालायची, आणि तिचं शेपूट म्हणे हातखंब्याच्या तिठ्यावर ट्रकवाल्यांना आडवं यायचं. माणसामाणसांत अंतर असावं म्हणून चुन्याचे गोल आखले होते. एकेका गोलात पाच पाच माणसं उभी. मास्क सगळ्यांना होते, फक्त ते हनुवटीला थंडी वाजू नये म्हणून लावलेले.

रांगेच्या टोकाला मांडव, मांडवात चटई, चटईवर महाराज. भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्षं, आणि तोंडावर काहीच नाही, कारण तोंड हेच त्यांचं औषध. समोर शेगडीवर तेलाची वाटी कोमट होत ठेवलेली.

"बाळ, किती होता तुझा प्राण?" महाराज विचारायचे.

"ब्याऐंशी, महाराज. त्या नर्सबायनं काढला."

"म्हणजे अठरा टक्के प्राण गळाला! कुठे गेला, ठाऊक आहे?"

"मना काय म्हायती?"

"मला माहीत आहे. राहूने ओढला. चिंता करू नकोस. टॉपअप करून देतो."

मग ते भक्ताचे दोन्ही हात त्या कोमट तेलात बुडवायचे, खसाखसा चोळायचे, मंत्र म्हणायचे, आणि शेवटी थेट त्याच्या तोंडावर एक जोरकस फुंकर घालायचे. साऱ्या जगाचे डॉक्टर ओरडून सांगत होते की एकमेकांच्या तोंडावर श्वास सोडू नका. महाराजांनी तेवढीच एक गोष्ट धंद्याला घेतली होती. फुंकर झाली की लाल फडक्यातून सिद्धयंत्र निघायचं. दिसायला अगदी दवाखान्यातल्या ऑक्सिमीटरसारखं, बोटाला चिमट्यासारखं लागणारं. ते भक्ताच्या बोटाला लागलं की आतला दिवा लुकलुकायचा आणि आकडा यायचा: अठ्ठ्याण्णव.

"अठ्ठ्याण्णव!" मांडव गरजायचा.

"उरलेले दोन टक्के?" एखादा चोखंदळ भक्त विचारायचा.

"ते दक्षिणेनंतर."

आता या मांडवाकडे लांबून डोळे फाडून बघणारी एक मुलगी होती, तिचं नाव आरोही. तीच ती नर्सबाय. खरं तर अर्धीच नर्स. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. गाव मंडणगडच्या डोंगरात. पहिलं वर्ष मोबाइलवर गेलं, आणि गावात रेंज फक्त टेकाडावरच्या काजूच्या झाडाखाली. त्या झाडाखाली बसून तिने इंजेक्शन टोचलं ते दुधी भोपळ्याला, बँडेज बांधलं ते शेजारच्या बोकडाला. बोकड बरा झाला. मुळात त्याला काही झालंच नव्हतं. परीक्षेत मात्र आरोही पहिली आली, आणि पहिली आली म्हणून पहिली ड्यूटीही तिलाच मिळाली: बंदरावर टेबल मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा ऑक्सिजन तपासायचा.

पुस्तकातला रोगी पुस्तकात पडून राहतो, बंदरावरचा खोकतो. पहिल्याच दिवशी एक खलाशी समोर खोकला आणि आरोहीला पाठ असलेला अख्खा अभ्यासक्रम समुद्रात वाहून गेला. हात सॅनिटायझरने धुऊन धुऊन तिच्या तळहातावरची भाग्यरेषा पुसली गेली, असं लोक म्हणत. त्यातलं अर्धं खरं धरा. रात्री डोळे मिटले की आकडे दिसत.

हॉस्टेलचा विलगीकरणाचा वॉर्ड झाला होता, म्हणून तिची सोय गुणवंतीच्या पडवीत केलेली. गुणवंती मासे विकायची. नवरा बोटीवर, मुलगा मुंबईत अडकलेला. "माजा पोर तिकडं दुसऱ्याच्या घरात जेवतो, तू माज्या घरात जेव, हिशेब झाला," म्हणाली आणि पहिल्याच दिवशी आरोहीच्या ताटात तळलेल्या बांगड्याचा मधला तुकडा पडला. कोकणात मधला तुकडा ज्याच्या ताटात पडतो तो घरचा, हे तुम्हाला सांगायला नको.

पहाटे बोटी लागायच्या, लिलाव व्हायचा, बायका बर्फात हात घालून मासळी निवडायच्या, टोपल्या भरायच्या आणि टेबलाशी यायच्या. आरोही बोटाला यंत्र लावायची. ब्याऐंशी. पुढची ये. एकोणऐंशी. त्यापुढची, चौऱ्याऐंशी. आरोही ओरडायची, "मावशी, ताबडतोब दवाखान्यात!"

"काय झालाय गो मना? मी आता दोन टोपल्या उचलून आलंय!"

"तुमचा ऑक्सिजन कमी आहे!"

दवाखान्याचं नावही बायकांना नको असायचं. वाडीतली दोन माणसं तिकडे गेली होती ती घरी आलीच नव्हती. बायका दवाखान्याच्या दिशेने निघायच्या आणि वाटेत मांडवात वळायच्या. तेल, मंत्र, फुंकर, अठ्ठ्याण्णव. खात्री करायला परत आरोहीच्या टेबलाशी यायच्या, आणि काय आश्चर्य, आरोहीचं सरकारी यंत्रसुद्धा सत्त्याण्णव दाखवायचं!

"बघ गो बाय," चिमाआजी म्हणाली. चिमाआजी सुक्या मासळीवाली, बंदरावरची सगळ्यात जुनी जीभ. "तुजा यंत्र मारतो, म्हाराजाचा यंत्र तारतो. तू काय शिकलंस ता इसर आनि त्याच्याकडं शिकवणीला जा."

हे सगळं आरोहीच्या डोळ्यांदेखत घडत होतं. आणि मग व्हायचं तेच झालं. एका सकाळी तिने धीर करून स्वतःच्याच बोटाला यंत्र लावलं. शहाऐंशी! तिला घाम फुटला, घशात टोचायला लागलं, वास येईनासा झाला. सुकत घातलेल्या मासळीच्या ढिगाशेजारी बसून वास येईनासा होणं ही काही साधी गोष्ट नव्हे. गुणवंतीने तिला दंडाला धरलं आणि थेट मांडवात नेऊन बसवलं.

"म्हाराज, ही आमची पोर. हिचा बघा."

"अरे वा! सरकारी खातं स्वतः दारी आलं!" महाराजांनी हे माइकवर सांगितलं. तेल चोळलं, फुंकर घातली. अठ्ठ्याण्णव. रांगेने टाळ्या वाजवल्या. आरोही रडली, आणि खोटं कशाला सांगू, तिला बरं वाटलं. दिवसभर बरं वाटलं. परीक्षेत पहिली आलेली मुलगी कपाळाला मांडवातला अंगारा लावून टेबलाशी बसली.

संध्याकाळी फोन वाजला. ज्ञानेश्वरी मॅडम, तिच्या शिक्षिका. मॅडमना सवय अशी की जगबुडी आली तरी तोंडी परीक्षा चुकवायची नाही. ड्यूटीवरच्या एकेका मुलीला फोन करून प्रश्न विचारायच्या.

"ऑक्सिमीटर चुकीचा कमी आकडा कधी दाखवतो? कारणं सांग."

आरोही पोपटासारखी सुटली. "थंड बोटं, नेलपॉलिश, मेंदी, रुग्णाची हालचाल, प्रखर उजेड, यंत्र नीट न बसणं..."

"पहिलं काय म्हणालीस?"

"थंड बोटं. बोट गार पडलं की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त नीट पोहोचत नाही, त्यामुळे यंत्राच्या उजेडाला..."

"पुरे. आता सांग, बंदरावरच्या बायकांची बोटं कशी असतात?"

आरोहीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मॅडम," ती म्हणाली, "त्या बर्फात हात घालून येतात."

"आणि तुझी बोटं?"

"मी दिवसभर सॅनिटायझर लावते. आणि घाबरले की माझे हात गार पडतात."

"म्हणजे महाराजाचा निम्मा चमत्कार तू करतेस. तू आकडा उतरवतेस, तो तेलाने चढवतो. दोघांनी मिळून दुकान काढलंय की काय?"

आरोहीने कपाळावरचा अंगारा पुसला. मॅडमचा आवाज मऊ झाला. "घाबरलीस याबद्दल बोलत नाही मी. मीही घाबरते. पण भीतीला उत्तरपत्रिका लिहू द्यायची नाही."

दुसऱ्या दिवशी टेबलाशेजारी बंदरावरचा चहावाला किटली घेऊन बसला. बाईने आधी हात पुसायचे, गरम चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसायचं, चहा प्यायचा, आणि मग बोट पुढे करायचं. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. शहाण्णव. सत्त्याण्णव. ना मंत्र, ना राहू. बायका ग्लासाकडे बघत राहिल्या. आरोहीने टेबलावर उभं राहून सांगितलं, "बायांनो, माझी चूक झाली. तुमची बोटं गार होती, म्हणून यंत्र चुकलं. महाराजांच्या तेलात काही नाही, नुसती ऊब आहे!"

"ह्या चायवाल्याला पन कफनी शिवा रे कोनतरी," चिमाआजी म्हणाली. हसण्याची लाट उसळली. हे इथे संपलं असतं तर गोष्ट गोड झाली असती.

पण शेवटी गुणवंती आली. ग्लास हातात धरून बसली, चहा प्यायली, बोट पुढे केलं. सत्त्याऐंशी.

आरोहीने दुसरं बोट घेतलं. शहाऐंशी. दुसरा हात घेतला. हात चांगला ऊन होता. यंत्राचे सेल बदलले. सत्त्याऐंशी. स्वतःच्या बोटाला लावून पाहिलं. तिचेही हात आज गरम होते, सत्त्याण्णव.

"मावशी, दम लागतोय?"

"न्हाय गो. जरा अंग मोडल्यागत हाय दोन दिस. बरी हाय मी."

हा आजार असाच लबाड होता. छातीतली आग दिसायची नाही, दम लागायचा नाही, माणूस हसत बोलत असायचा आणि आतून ऑक्सिजन उतरत असायचा. दम लागायला लागला की मग उशीर झालेला. हे आरोहीला पुस्तकाने शिकवलं होतं, आणि आज पहिल्यांदा ते समोर चहाचा ग्लास धरून बसलं होतं.

"मावशी, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं. मी गाडी बोलावते."

"खुळी का काय? तूच बोललीस ना आता, तुजा यंत्र चुकतो!"

"गार हातांना चुकतं! तुमचे हात गरम आहेत!"

"म्हंजे माज्या येळेला तेवडा खरा? कायतरी यक बोल बाय." गुणवंती उठली. "मी म्हाराजांकडं जातंय. त्यांचा यंत्र कदी बदलत न्हाय."

कधी बदलत नाही! आरोही जागच्या जागी थबकली. इतक्या माणसांची इतकी बोटं, तरणी, म्हातारी, दमेकरी, बिड्या ओढणारी. आणि महाराजांच्या यंत्रावर सगळ्यांचा आकडा अठ्ठ्याण्णवच. तेलाच्या उबेने तिच्या यंत्रावर कधी शहाण्णव यायचा, कधी सत्त्याण्णव. तिकडे मात्र एकदाही हलला नाही. माणसाचं रक्त इतकं शिस्तीचं कधी असतं का?

ती चिमाआजीच्या टोपलीकडे वळली. "आजी, एक सुका बोंबील द्या."

"आत्ता? ह्या टायमाला कालवन करतंस?"

"द्या हो!"

मांडवात गुणवंतीला सगळ्यांच्या पुढे घेतलेलं. महाराज तेल ढवळत होते. आरोही पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या पीपीई किटमध्ये गर्दीतून पुढे आली. वाट मिळाली असती तर ती मंडणगडपर्यंत पळत गेली असती. चटईसमोर ती बसली आणि उजवा हात पुढे केला.

"महाराज, मावशीच्या आधी माझं बघा ना. फार भीती वाटते. पण ग्लोव्ह काढायची परवानगी नाही मला."

महाराजांनी गर्दीकडे पाहिलं. संधी चालून आली होती. "मंडळी, सरकारी यंत्राला उघडं बोट लागतं! आपल्या सिद्धयंत्राला ग्लोव्ह काय, भिंत काय! आत्म्याचं कव्हर काढावं लागत नाही!" त्यांनी फडकं सोडलं आणि आरोहीच्या मधल्या बोटाला चिमटा लावला. दिवा लुकलुकला.

"अठ्ठ्याण्णव!" मांडव गरजला.

"नाडी बहात्तर!" महाराज म्हणाले. "पोरी, तुझ्या या बोटात प्राण नुसता नाचतोय. या बोटाच्या मालकाला शंभर वर्षं मरण नाही!"

आरोहीने डाव्या हाताने ग्लोव्ह सोलला. तिचं स्वतःचं मधलं बोट आत मुडपलेलं होतं. यंत्र होतं नुसत्या ग्लोव्हच्या बोटावर, आणि त्या बोटातून बाहेर आला एक सुका बोंबील. तिने तो उघडाच पुन्हा यंत्रात धरला आणि यंत्र सगळ्यांना दिसेल असं वर केलं. अठ्ठ्याण्णव. नाडी बहात्तर.

पुढची माणसं माना लांबवून बघायला लागली.

"ह्यो तर माज्या टोपलीतला," चिमाआजी म्हणाली. "गेल्या म्हयन्यात वाळवलाय."

"भक्तीने..." महाराजांनी यंत्रासाठी हात पुढे केला. "सिद्धयंत्राच्या सामर्थ्याने जड वस्तूतही प्राण..."

"प्रान?" चिमाआजी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आरं मुडद्या, आयुक्ष ग्येला माजा मासळीत. जिता कोन नि म्येला कोन ता तू मना शिकवतंस? ह्याची नाडी बहात्तर तर ह्याचा लगीन लाव!"

मग जे हसू फुटलं, त्याने धक्क्याला बांधलेल्या बोटी हलल्या. आरोही मात्र हसत नव्हती. तिने खिशातून दवाखान्याचं यंत्र काढून बोंबलाला लावलं. पडद्यावर दोन आडव्या रेघा, आकडा नाही. "हे यंत्र बोटातून लाल उजेड आरपार सोडतं आणि रक्ताने किती उजेड शोषला ते मोजतं. रक्त नाही, ठोका नाही, तर आकडा नाही. महाराजांचं खेळणं काहीच मोजत नाही. त्यात दिवा आहे आणि ठरलेले दोन आकडे भरलेले आहेत. त्यात माणूस घाला, बोंबील घाला, नाहीतर झाडूचा हीर घाला."

मग तिने तेच यंत्र गुणवंतीच्या बोटाला लावलं. पंच्याऐंशी.

"मावशी," ती म्हणाली, "बोंबील अठ्ठ्याण्णव आहे आणि तुम्ही पंच्याऐंशी. आता कुणाचं ऐकायचं ते तुम्ही ठरवा. पण लवकर ठरवा."

गुणवंतीने बोंबलाकडे पाहिलं, महाराजांकडे पाहिलं, आणि शेवटी त्या पोरीकडे पाहिलं. "चल गो," ती म्हणाली. "पन तू संगती ये. मना येकटीला भ्या वाटतो."

"मलाही," आरोही म्हणाली. दोघी गाडीत बसल्या.

गुणवंतीला ऑक्सिजन लागला, पालथं झोपवावं लागलं, सुया टोचाव्या लागल्या. त्यातली एक आरोहीने टोचली आणि ती पहिल्या फटक्यात लागली; दुधी भोपळ्याने तिला वाया घालवलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस घरी राहिली असती तर आम्ही काही करू शकलो नसतो. महिना सरता सरता गुणवंती चालत घरी आली.

महाराज त्याच दुपारी अंतर्धान पावले. चमत्कार म्हणावा असा त्यांच्या हातून घडलेला तो एकच. नंतर कळलं की पूर्वी ते हातखंब्याला रस्त्याकडेला मोबाइलची कव्हरं विकायचे. कव्हरांच्या मालात कुणीतरी ती खेळण्यातली यंत्रं पाठवली होती. आणि गंमत बघा, त्यांच्या यंत्राला तेलाची गरजच नव्हती. बिचारे फुकट शेगडी पेटवत होते.

तर सांगायचं ते एवढंच. घाबरलेला माणूस प्रश्न विचारत नाही, तो आधार शोधतो, आणि आधार विकायला माणसं टपलेली असतात. महाराज सांगो, यंत्र सांगो, नाहीतर पांढऱ्या कपड्यातली शिकलेली मुलगी सांगो. ते पुन्हा करून बघा, दुसऱ्या बोटाला लावून बघा, बोंबलाला लावून बघा. खरं असेल तर ते तपासणीला घाबरत नाही. आणि शेजारचा घाबरलेला असेल तर त्याच्या वतीने तुम्ही विचारा. मोठ्याने विचारा.

आता राहिला बोंबील. त्या गडबडीत तो चटईवर पडला होता. अंगात अठ्ठ्याण्णव टक्के ऑक्सिजन भरलेला, गप्प किती वेळ बसणार? त्याने आधी शेपटी हलवली, मग एक डोळा उघडला, आणि टुणकन उडी मारून धक्क्यावरून जो पाण्यात पडला, तो सपासप पोहत...

"खोटं!" मनस्वी ताडकन उभी राहिली. "साफ खोटं आजोबा! आमच्याकडे डबाभर सुके बोंबील आहेत. थांबा, आत्ता आणते, बादलीत टाकून बघू!"